मलकीसदेकाची भाकरी

आज सुनेने आधणात तांदळाचं पीठ टाकलं आणि त्या वाफेच्या वासाने मला पोशीर गावच्या आमच्या चुलीपुढे नेऊन बसवलं.

तेव्हा मी नवी सून होते. देवळातल्या प्रभुभोजनाची, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी वाटून खायची भाकरी गावातल्या पहिल्या ख्रिस्ती घरातून, म्हणजे आमच्याच घरातून जायची. सासूबाई थकल्या होत्या, आता पाळी माझी होती. पण एका रविवारी पाद्रीबाबांनी मलकीसदेकावर उपदेश केला. अब्राहामाला भाकर आणि द्राक्षारस देणारा हा बायबलातला याजक, म्हणजे पुरोहित. शास्त्रात त्याला बाप नाही, आई नाही, वंशावळ नाही. ख्रिस्ताचं याजकपणही तसंच, घराण्यातून न आलेलं. "मग भाकरीला तरी घराणं कशाला?" असं म्हणून त्यांनी ते काम राहेलला दिलं. दुष्काळात घाटावरून आलेली ही अनाथ पोर. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

पुढच्या शनिवारी तीच माझ्या दारात उभी. "वैनी, तांदळाची भाकरी कशी करत्यात? आमच्याकडं समदी जोंधळ्याची."

"तुला मलकीसदेक पावलाय ना? त्यालाच इचार," मी म्हणाले.

ती हसली. "त्याला बी आई नव्हती, वैनी. त्याला तरी कुनी शिकवलं असंल?"

मी आधण ठेवलं आणि उकड काढून दाखवली. रविवारी सगळ्यांनी तिच्या भाकरीचं तोंड भरून कौतुक केलं.

इतकी वर्षं झाली, पण उकड माझी होती, हे अजूनही कुणाला तरी सांगावंसं वाटतं.