अळणी ताट

आबांचा बीपी वाढला तेव्हा गावच्या डॉक्टरांनी एक गोळी सुरू केली आणि मीठ जरा कमी करा म्हणून सांगितलं. त्यातलं 'जरा' माझ्या मायनं डॉक्टरांकडेच ठेवलं आणि घरी येऊन मीठ बंदच करून टाकलं. लोणचं, पापड, ठेचा, सगळं गेलं. आबा जन्मभर मेंढरं राखलेले. अळणी कालवणाचा पहिला घास घेतला आणि म्हणाले, "अगं, मेंढरालाबी मिठाचा खडा चाटायला देतो आपुन. माझी तेवढीबी किंमत न्हाई का?"

"मेंढराला बीपी नसतो," माय म्हणाली.

तेव्हापासून तीही त्यांच्याबरोबर अळणीच खाऊ लागली. मला तिचं कौतुक वाटायचं, पण राग जास्त यायचा. मांजरसुंब्याच्या एका लग्नात तर बायकांच्या पंगतीतून उठून आली आणि व्याह्यांच्या देखत आबांच्या ताटातला पापड तिनं उचलून नेला. आबा हसले. मला मात्र मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढं आबांचा हात थरथरू लागला. कंपवात निघाला, त्याच्याही गोळ्या सुरू झाल्या. पाय घासत चालायला लागले, मेंढरं विकावी लागली. आणि मग पडणं सुरू झालं. कुणी आलं की उभं राहूनच राम राम घालायचा, ही त्यांची रीत. बसल्या जागी हात जोडणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. बाजेवरून उठले की डोळ्यांपुढं अंधारी यायची आणि पाहुण्याच्या पायाशीच कोसळायचे. आम्ही सगळा दोष पायांना दिला. मायला वाटलं, बीपी वाढत असणार. गावचे डॉक्टर घरी येऊन आबांना बाजेवर निजवूनच बीपी बघायचे. तो जास्त निघायचा, म्हणून बीपीची गोळी चालू राहिली आणि मायचं पथ्य आणखी कडक झालं.

एकदा कपाळ फुटलं. मी सासरहून, गेवराईहून धावत आले आणि दोघांना घेऊन अंबाजोगाईला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी आबांचा बीपी निजवून मोजला, मग उभं करून मोजला. उभं राहिल्यावर तो इतका उतरला की त्यांनी घाईनं खुर्ची पुढं ओढली. म्हणाल्या, कंपवातात असं होतं. उठल्यावर रक्त डोक्यापर्यंत पोचवायला शरीर कमी पडतं, त्यात या आजाराच्या गोळ्याही बीपी उतरवतात. बीपीची जुनी गोळी त्यांनी बंद केली. उठण्याआधी पाणी प्यायला सांगितलं, सावकाश उठायला सांगितलं. "आणि जेवणात मीठ नीट घाला. यांना अळणी देऊ नका."

मायनं आबांच्या कपाळावरच्या पट्टीकडे बघितलं. "म्हंजी मीच पाडलं का त्येंला?"

डॉक्टरबाईंनी समजावलं, की तेव्हा ते पथ्य बरोबरच होतं. पुढं आजार आला, तसं ते बदलायला हवं होतं. पण मायच्या कानावरून ते वाऱ्यासारखं गेलं. परतीच्या गाडीत ती आबांच्या सदऱ्याची बाही धरून बसली होती. मला तिच्यावर इतकी माया कधीच आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून ती चुलीपाशी होती. मिरच्या भाजून ठेचा केला, पिठलं केलं, बाजरीच्या भाकरी थापल्या, पापड भाजले. मिठाला हात आखडला नाही. ताट आबांपुढं ठेवलं आणि समोरच बसली. आबांनी थरथरत्या हातानं घास घेतला, सावकाश चावला, दुसरा घेतला.

"कसं झालंय?" तिला राहवेना.

"चांगलं हाय की."

"अवो, पण मीठ?"

"नेहमीसारखंच की," आबा म्हणाले. मग तिचा चेहरा बघून त्यांनी मान खाली घातली. "मला चव कळंना. लई दिस झालं. हात थरथराय लागायच्याबी आधीपासनं."

"मग बोलला कावून न्हाई?"

"तू माझ्यापायी अळणी गिळत व्हतीस. मला त्याचा काय फरक पडंना, हे कोणत्या तोंडानं सांगू तुला?"

मी मायचंही ताट वाढलं आणि तिच्यापुढं सरकवलं. तिनं भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून तोंडात घातला. इतक्या वर्षांनी तिच्या जिभेला मीठ लागलं होतं, आणि तिला तो घास गिळवेना.