माझ्यापुढे सरकवलेला करंडा

सरांच्या घरी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मदन महल भागात, दुसऱ्या मजल्यावर. सर आमच्या एचआयव्ही प्रकल्पाचे प्रमुख. ऑफिसातल्या तिन्ही बायकांना बोलावणं होतं, म्हणून गेले. आमच्या घरी हळदीकुंकू नसतं. आजोबा नागपूरकडून इकडे हिंदी मुलखात, सरकारी कारखान्यात झाडूच्या कामावर आले, ते बाबासाहेबांचा फोटो घेऊन.

सरांची बायको, आमच्या काकू, ओळीनं पुढे येत होत्या. माझ्या डावीकडे ऑफिसातलीच एक. तिला बोटानं हळद लावली, कुंकू लावलं. मग माझ्यासमोर थांबल्या. करंडा सतरंजीवर ठेवला आणि दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

"तू आपली तूच लावून घे गं. दिवसभर त्या रोग्यांना शिवून राहिली ना तू."

"शिवते काय, त्यांच्या डब्यात जेवते ती!" डावीकडची म्हणाली. बायका हसल्या.

सर दारात उभे होते. त्यांनी ऐकलं. मग फोनमध्ये बघू लागले.

त्याच आठवड्यात रिछाईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात, जेवणाच्या सुट्टीत, याच सरांनी कामगारांना सांगितलं होतं, "छूने से एचआईवी नहीं फैलता." वाक्य मी लिहून दिलेलं.

मी कुंकू लावून घेतलं. माझ्याच बोटानं. वाण म्हणून मिळालेली स्टीलची वाटी पिशवीत टाकली आणि जिना उतरले. करंडा सरकवण्याचं कारण माझं काम होतं की आडनाव? आजही सांगता येत नाही. आडनाव काकूंनी दारातच विचारून घेतलं होतं.

त्या कारखान्यात आम्ही कामगारांच्या मुलाखती घेत होतो. लैंगिक आजार, निरोध, जोडीदार. ज्याची इच्छा त्याची तपासणी. मुलाखतीच्या कागदांवर फक्त क्रमांक. कोणता क्रमांक कुणाचा, याची वही एकच. ती कपाटात. कपाटाची चावी माझ्याकडे.

हळदीकुंकवानंतर चार दिवसांनी तपासणीचे निकाल आले. कुंडम गावाकडचा एक कामगार, पत्रे कापायच्या मशीनवरचा, त्याला लागण निघाली. मी त्याला एकट्याला बसवून सांगितलं. उपचार आहे, रोज गोळी घ्यायची, काम करता येतं. तो ऐकत होता. मग त्यानं टेबलावरची आपली पाण्याची बाटली उचलली आणि माझ्या बाटलीपासून दूर, खाली फरशीवर नेऊन ठेवली.

"इसकी जरूरत नहीं है, भैया," मी म्हटलं.

"आदत डाल लूँ, दीदी. कल कोई और बोलेगा, उससे अच्छा."

मी बाटली उचलून पुन्हा टेबलावर ठेवली. त्याला गरज नाही म्हणून सांगणारी मी कोण? मी तर कुणी जबरदस्ती न करता स्वतःच कुंकू लावून घेतलं होतं.

"मालिक को पता तो नहीं चलेगा?" त्यानं विचारलं.

संमतीपत्रातली ओळ मी त्याला पुन्हा वाचून दाखवली. आपका नाम किसी को नहीं बताया जाएगा. पहिल्यांदा वाचली होती तेव्हा त्यानं त्याखाली सही केली होती.

दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. त्या दिवशी ते आमच्या घरी बोलतात तसं नागपुरी मराठी बोलले, ऑफिसात एरवी बोलत नाहीत.

"मालकाचा फोन होता. कोण कोण निघालं, एवढंच विचारून राहिले. आपल्याला आत येऊ दिलं त्यांनी. वही काढ जरा."

"नाही काढणार."

"काहून?"

"आपण लिहून दिलं आहे, सर. कायदाही आहे."

"अच्छा, आता कायदा तू शिकवणार मला? पुन्हा गेटातून आत घेणार नाहीत. सगळं काम बंद पडेल. तुझंही." मग आवाज उतरवला. "चल, चावी ठेव इथं टेबलावर. बाकी मी बघतो."

त्यांनी टेबलावरची जागा दोन बोटांनी दाखवली. काकूंचीच दोन बोटं. मी ती बघत राहिले.

"सर, त्या दिवशी करंडा सरकवला तेव्हा तुम्ही दारात होता," मी म्हटलं. "मी तेव्हा बोलले नाही. ती माझी चूक. चावी देणार नाही."

मी जागेवर आले, पण बसता येईना. कपाटाचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं. मग उभ्यानंच, अशा अभ्यासांवर देखरेख करणाऱ्या नैतिकता समितीला पत्र लिहिलं: कुणी मागितलं, काय मागितलं, मी काय उत्तर दिलं. जसं बोललं गेलं त्याच शब्दांत. एकही विशेषण नाही. खाली पूर्ण नाव, आडनावासकट.

पत्र गेलं आहे. उत्तर अजून नाही. कारखान्याचं गेट आमच्यासाठी बंद आहे. माझा करार पुढे वाढेल की नाही, कुणी सांगत नाही. तो माणूस मशीनवर आहे. गोळी घेतो. त्याला लागण आहे, हे कारखान्यात कुणाला ठाऊक नाही.

चावी माझ्याजवळ आहे. समिती सांगेल त्या माणसाच्या हाती, सही घेऊन देईन. टेबलावर ठेवणार नाही. आणि सतरंजीवर बसून, कुणी सरकवलेलं, पुन्हा काही लावून घेणार नाही.