मावशीचा रेकॉर्डर

मावशीच्या, टीव्हीवरचे कार्यक्रम साठवणाऱ्या रेकॉर्डरला कंपनीनं अपडेट बंद करून वाऱ्यावर सोडलं होतं. त्यात बाहेरचं सॉफ्टवेअर कसं भरायचं, ते मी साताऱ्याहून फोनवर सांगितलं. आष्ट्यात मावशीनं वहीत एकेक पायरी लिहून घेतली, दोनदा चुकली आणि तिसऱ्यांदा ओरडली, "आरं, चालू झालं की!"

पुढच्या रविवारी मी तिच्याकडं गेलो. फौजेतून निवृत्त झालेले काका पाहुण्यांना म्हणाले, "ह्यानं केलं बघा, साताऱ्यात बसून. हिला काय कळतंय त्यातलं?"

पाहुण्यांनी माझी लय तारीफ केली. चहा घेऊन आलेली मावशी माझ्याकडं बघत उभी राहिली. मी नुसता हसलो आणि कप उचलला. आता तिचं काही अडलं तर ती टीव्हीच्या दुकानदाराला विचारते, मला न्हाई.