मागच्या खोलीतलं सामान

बसमावशीला राग लवकर येत नसे. पण एकदा आला की पाहुण्यासारखा चहा पिऊन उठायचा नाही, बिऱ्हाड करून राहायचा.

उभा जन्म तिने शाळेची बस चालवली. मागे पोरांचा कालवा चाललेला असायचा, कुणी कुणाचा डबा पळवलेला, कुणी खिडकीतून हात काढलेला. ती आवाज चढवायची नाही. समोरच्या आरशातून नुसतं बघायची, की मागची सीट अळीमिळी गुपचिळी. नाव पोरांनीच पाडलं आणि ते असं चिकटलं की निवृत्तीनंतर बँकेतला कारकूनही तिला मावशीच म्हणायचा. घरात मात्र ती ताई, तिघांत थोरली. थोरलीच्या घराला दार असतं पण कडी नसते, अशी तिच्या धाकट्या भावंडांची पक्की समजूत होती.

तिचं घर म्हणजे बाहेरची खोली, स्वयंपाकघर आणि मागची खोली. मागची खोली सगळ्यात चांगली. मोठी खिडकी, खाली कुणाचीतरी बाग, सकाळचं ऊन थेट आत. त्या खोलीत माणूस मात्र राहत नव्हता, भावाचं सामान राहत होतं.

भावाने फोटो स्टुडिओ काढला होता. तो बुडाला, तेव्हा दिव्यांचे स्टँड, पडद्यांच्या गुंडाळ्या, गिऱ्हाइकांना बसवायची मखमली खुर्ची असं सगळं ताईकडे आलं. "तात्पुरतं आहे गं," तो म्हणाला होता. पुढे त्याने नोकरी धरली, तिथे बदली झाली तेव्हा सुटा केलेला पलंग आला, दार दोरीने बांधलेला फ्रिज आला. मग धाकटीला वाटलं, दादाचं ठेवतेस तर माझंही ठेव. तिच्या मुलांचा पाळणा, व्यायामाची सायकल, 'नाजूक' असं लिहिलेली खोकी. त्यात नाजूक काय होतं ते तिलाही आता आठवत नव्हतं. कळस म्हणजे भावाने एकदा आपल्या मित्रालाही सांगून टाकलं, "ताईकडे ठेव, ती काही नाही म्हणायची नाही." आयजीच्या जिवावर बायजी उदार. मित्राचं कपाट आलं आणि उरलीसुरली वाटही बंद झाली. खिडकी उघडायची तर पाळण्यावर चढावं लागे.

या सगळ्यावर बसमावशी चिडायची, कुरकुरायची, पण ओठांतल्या ओठांत. नवरा हसून म्हणायचा, "तुझ्या भावंडांना वाटतं आपण गोदाम चालवतो. पावती तरी देत जा."

नवरा सार्वजनिक तलावावर पोहणं शिकवायचा. छातीचा भाता असा, की तलावाच्या एका कडेला शिट्टी मारली तर दुसऱ्या कडेचं पोर दचकायचं. त्याच छातीने दगा दिला. फुप्फुसं आकसत गेली. बोलताना वाक्याच्या मध्येच थांबावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, भरपूर हवा असलेल्या खोलीत ठेवा. तोही एक दिवस म्हणाला, "मला मागे टाक. खिडकीपाशी."

तिने भावाला फोन केला. तो म्हणाला, पुढच्या आठवड्यात येतो. पुढच्या आठवड्यात ऑफिसात तपासणी होती. मग त्याच्या गाडीचं काहीतरी निघालं. मग त्याने वैतागून विचारलं, "ताई, एवढी घाई काय आहे?" तिने स्वतः खोकी ओढायला घेतली, पण बाहेरची खोली आधीच प्राणवायूच्या नळकांड्यांनी आणि नवऱ्याच्या खाटेने भरलेली. ओढून ठेवणार कुठे? आणि त्याला एकटं सोडून टेम्पोवाल्याच्या मागे धावणार कोण? नवरा बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपलांकडे बघत गेला. शेवटच्या दर्शनाला भाऊ आला, त्याने गळा काढला, धाकटीही रडली, आणि मागच्या खोलीचं दार बंदच राहिलं.

या गोष्टीला तीन वर्षं झाली होती. मग एका दुपारी भावाचा फोन आला.

"ताई, आम्ही नवं डायनिंग टेबल घेतलं. जुनं रविवारी पाठवतोय. सहा खुर्च्या आहेत, एकात एक बसतात."

"खोलीत जागा नाही."

"बाहेर ठेव की. तुझ्याकडे आता जागाच जागा. एकटी तर असतेस."

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय ते बसमावशीला त्या दुपारी कळलं. आणि तरी तिच्या तोंडून काय निघालं, तर "बघते". फोन ठेवल्यावर तिला भावापेक्षा त्या 'बघते'चाच जास्त राग आला.

संध्याकाळी ती दूध आणायला निघाली, तर सिग्नलला उभ्या असलेल्या बसच्या पाठीवर जाहिरात: 'घर लहान पडतंय? सामान आमच्याकडे ठेवा.' खाली फोन नंबर. सामान ठेवायला लोक भाड्याने खोल्या देतात हे तिने ऐकलं होतं, पण आजवर तिला त्याची गरज काय? ती स्वतःच तसली खोली होती, आणि तीही फुकट.

तिने ठरवलं, एक खोली भाड्याने घ्यायची, सगळं तिथे नेऊन टाकायचं आणि गुपचूप आपल्या पेन्शनमधून भाडं भरायचं. भांडण नको, तोंडही नको. दुसऱ्या दिवशी ती जागा बघायला बाहेर पडली.

जाहिरातवाल्यांचं ऑफिस काचेचं होतं. टाय लावलेला माणूस गोड बोलला, पाणी दिलं. जाहिरातीतल्या दराची खोली दाखवा म्हटल्यावर तो तिला लिफ्टने वर घेऊन गेला आणि एक दार उघडलं. आत एक माणूस उभा राहिला असता, तोही पोट आत घेऊन.

"यात काय ठेवतात?" तिने विचारलं.

"फाइली ठेवतात, मॅडम. तुमच्या सामानाला मोठी लागेल." मोठीचा दर निराळा होता. त्यावर विमा सक्तीचा, कुलूप त्यांच्याकडचंच घ्यायचं, आणि पहिल्या तीन महिन्यांची सवलत संपली की दर 'बाजाराप्रमाणे'. शिवाय प्रत्येक खोकं लिफ्टने चढवायचं.

"फ्रिज लिफ्टमध्ये मावतो?"

"बघावं लागेल, मॅडम."

हा शब्द ऐकून ती जिना उतरून सरळ बाहेर पडली.

दुसरी जागा स्वस्त होती. जुन्या गॅरेजचं तळघर, मधे प्लायच्या भिंती घालून खोल्या पाडलेल्या. मालक म्हातारा, सतत हसणारा. खाली उतरतानाच तिच्या नाकाने ओळखलं. पावसात भिजलेले दप्तरांचे ढीग बसमध्ये असा वास सोडायचे. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीवर पाण्याची रेघ होती.

"ही रेघ कसली?"

"ती जुनी आहे."

तिने भिंतीला हात लावला. हात ओला झाला. तो तिने त्याच्यासमोर धरला.

"जुनं पाणी अजून वाळलं नाही का?"

म्हातारा हसला आणि म्हणाला, "भाऊ-बहिणीचं सामान आहे म्हणता ना? मग एवढं काय बघायचं?"

क्षणभर तिला तेही पटलं. भिजू दे सगळं, त्या मखमली खुर्चीला बुरशी येऊ दे. पण तिने आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं सांभाळून घरी पोचवली होती. दुसऱ्याची वस्तू खराब करणं तिच्या हाताला जमण्यासारखं नव्हतं, आणि याचाही तिला राग आला. चांगुलपणा हीसुद्धा कधीकधी गळ्यातली घोरपड असते.

तिसरी जागा शहराबाहेर, ट्रक उभे राहतात त्या मैदानाशेजारी. लांबलचक पत्र्याची शेड, ओळीने लोखंडी शटर. टेम्पो थेट शटरला टेकवता येईल इतका मोकळा रस्ता होता. गाडी मागे घ्यायला किती जागा आहे हे बसमावशीने आधी पाहिलं, मग खोली पाहिली. जमीन कोरडी, छताला गळतीचा डाग नाही, कोपऱ्यात उंदरांच्या लेंड्या नाहीत. कुलूप आपलं आणायचं. सोडायची तर महिनाभर आधी सांगायचं.

तिथली व्यवस्थापक बाई पन्नाशीची, गळ्यात चष्मा लोंबकळणारी, तोडून बोलणारी. "पेट्रोल, गॅस, खाण्याच्या वस्तू, जनावर यातलं काही ठेवायचं नाही. आत झोपायचं नाही. हसू नका, लोक झोपतात. सामान तुमचं आहे ना?"

"भावाचं. थोडं बहिणीचं."

"आणि भाडं?"

"मी भरणार."

बाईने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि तिच्याकडे नीट पाहिलं. "का?"

भांडण नको म्हणून, असं बसमावशी काहीतरी पुटपुटली.

"हे बघा, मला काय, भाडं कुणीही भरो," बाई म्हणाली. "पण ज्याचं सामान आहे तो करारावर नसला ना, की तो ते कधीच नेत नाही. मी इथे रोज बघते. तुम्ही घरातलं ओझं उचलून शेडमध्ये आणताय, खांदा तोच."

बसमावशी बाहेर येऊन टेम्पोंच्या सावलीत उभी राहिली. इतकी वर्षं तिला फुकट राबवलं, आता ती स्वतःच्या पैशाने राबायला निघाली होती. तिने तिथूनच भावाला फोन लावला.

"शनिवारी सकाळी इथे यायचं. पत्ता पाठवते. धाकटीला घेऊन ये. सामान माझ्या घरातून निघालेलं असेल. तुम्ही आलात तर शटरच्या आत जाईल, नाही आलात तर मैदानात उतरेल."

"ताई, बरं नाही का तुला?"

"टेबल पाठवू नकोस," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

शनिवारी बसडेपोचा जुना मेकॅनिक आपला टेम्पो आणि दोन हमाल घेऊन आला. मागची खोली उपसता उपसता खोकी फुटली. नाजूक म्हणून जपलेल्यात कपांचे तुकडे होते, बहुधा आले तेव्हापासूनचे. मित्राचं कपाट वाळवीने पोखरलेलं निघालं, ते तिने भंगारवाल्याला देऊन टाकलं. बाकी सगळं शेडपाशी पोचलं, तेव्हा भाऊ आणि धाकटी गाडीतून उतरतच होते.

भावाने टेम्पो पाहिला, हमाल पाहिले आणि आवाज खाली आणला. "लोकांसमोर तमाशा कशाला? घरी बोलू."

"घरी बोलायला बसायची जागा नव्हती."

"अगं पण एवढं काय झालं? थोडं सामान होतं. तुला त्रास होत होता तर सांगायचंस."

चोराच्या उलट्या बोंबा तिने बसमध्ये खूप ऐकल्या होत्या. पण या वेळी आरशातून बघून भागणार नव्हतं.

"सांगितलं होतं," ती म्हणाली. "हे गेले त्या वर्षी सांगितलं होतं. त्यांना खिडकी हवी होती. तू म्हणालास, घाई काय आहे."

भाऊ म्हणाला, "ते इतके आजारी आहेत हे मला कुठे माहीत होतं?"

"तू बघायला आला होतास. दोनदा. त्यांच्या खाटेला वळसा घालून आत गेलास आणि तुझ्या कॅमेऱ्याचा स्टँड घेऊन गेलास. तो बरा सापडला तुला."

धाकटी मध्ये पडली, "ताई, जाऊ दे ना आता, माणूस गेलाय."

"माणूस गेलाय. सामान नाही गेलं."

तिचा आवाज चढलेला नव्हता. हमाल मात्र खाली बघायला लागले आणि मेकॅनिक उगाचच टायर तपासायला गेला. व्यवस्थापक बाई कागद घेऊन आली आणि कुणाच्या नावावर करायचं म्हणून विचारलं. भाऊ ताईकडे बघत राहिला. लहानपणी शाळेत काही फोडून आला की असाच बघायचा, आणि मग ती जाऊन मास्तरांची माफी मागायची. ती त्याच्याकडे बघत उभी राहिली, एवढंच. शेवटी त्याने खिशातून पेन काढलं.

"दुसरा संपर्क कुणाचा लिहू?" बाईने विचारलं.

"ताईचा लिहा," भाऊ सवयीने म्हणाला.

"नाही," बसमावशी म्हणाली. "त्याच्या बायकोचा लिहा."

धाकटीने पाळणा आणि सायकल मेकॅनिकला देऊन टाकली. त्याच्या सुनेला दिवस गेले होते. तुटके कप तिथेच कचऱ्यात गेले. परत निघताना भावाने ताईला गाडीतून सोडतो म्हटलं. ती टेम्पोतून गेली.

पुढे महिनोन् महिने भाऊ बोलला नाही. नातेवाइकांत त्याने पसरवलं की ताईला एकटेपणाने चक्रम केलंय. ते तिच्या कानावर आलं, तेव्हा ती पुन्हा संतापली, आणि चुलतबहिणीला म्हणाली, "असेन. पण खोली रिकामी आहे." धाकटी मात्र येत राहिली. एकदा आली तेव्हा जास्त काही न बोलता तिने मागची खोली पुसून काढली. बसमावशीने तिला पुसू दिलं.

खोलीत खाट लावली, तरी पहिले कितीतरी दिवस बसमावशीला तिथे झोप लागेना. सकाळी ऊन थेट उशीवर यायचं आणि तिच्या डोक्यात एकच विचार यायचा, की हे इतकं सोपं होतं. एका सकाळचं काम होतं, एक टेम्पो आणि दोन हमाल. त्या विचाराने तिचा राग भावावरून सरकून स्वतःवर यायचा, परत भावावर जायचा. लोक म्हणतात राग ओकला की मन हलकं होतं. तिचं काही झालं नाही.

मग एकदा भावाचा फोन आला. आवाज जणू काही झालंच नाही असा.

"ताई, त्या पलंगाला गिऱ्हाईक आलंय. बुधवारी शेडवर येतंय. तुला तिथून बस सरळ आहे. मी किल्ली पाठवतो, जरा उघडून देशील?"

खिडकीशी उभी राहून ती खालची बाग बघत होती.

"नाही," ती म्हणाली.

"का? काही काम आहे का?"

"काम नाही."

पलीकडे तो कारणाची वाट बघत राहिला. तिने कारण दिलं नाही. शेवटी तो म्हणाला, "बरं. मीच रजा टाकतो मग," आणि धाकटीकडून तिला नंतर कळलं, की बुधवारी तो खरंच एकटा गेला होता, आणि शटर वर ढकलताना त्याची कंबर धरली.