वळलेली बोटं

रात्रभर डोंगरातल्या दगडगोट्यांवरून सायकल हाणून उजाडताना शर्यतीची शेवटची रेषा ओलांडली. कुणीतरी गळ्यात पदक अडकवलं, कुणी पाठ थोपटली. मला काहीच वाटलं नाही. आनंद तर नाहीच, दमल्यासारखंही नाही.

शेजारच्या टपरीवर चहासाठी हात पुढे केला, तर बोटं उघडेनात. हँडल धरल्यासारखी ती वळलेलीच होती, आणि पहिली दोन बोटं रिकाम्या हवेत ब्रेक दाबत होती. उतार केव्हाच संपला होता, पण हातांपर्यंत ती बातमी पोचलीच नव्हती. शरीराचा एखादा भाग असा मागेच राहून जातो, तिथल्या अंधारात.

टपरीवाल्या मावशी बघत होत्या. "भातलावणीत आमचे हात बी असेच व्हतात," त्या म्हणाल्या, "रोप धरल्यावानी." त्यांनी माझं एकेक बोट सरळ केलं आणि तळव्यात गरम ग्लास ठेवला. चटका बसला नाही.

"लावणी संपली हे हातांना कधी कळतं, मावशी?"

"संपतीय कुठं? आपली झाली की दुसऱ्याच्या खाचरात जायचं," असं म्हणत त्या पुढचा ग्लास विसळू लागल्या. त्यांची बोटं अजून वळलेलीच होती.

तेव्हा कुठे माझा तळवा पोळायला लागला.