एका बोटाचा वेग

नेरूळला आमच्या शेजारी एक गृहस्थ राहायचे. बोलतानासुद्धा एका जागी उभे राहत नसत. अर्धांगवायूने त्यांच्या वडिलांची वाचा गेली, तेव्हा त्यांनी ऑफिसातला जुना कॉम्प्युटर घरी आणला. वडील एका बोटाने टाइप करत. पण विंडोजवर अक्षर उमटायला इतका वेळ लागे, की म्हातारे चिडून कीबोर्ड ढकलत.

एका रविवारी मी गेलो, तर हे गृहस्थ कॉम्प्युटरवरचं सगळं पुसत बसले होते. "चित्रंबित्रं काय नको, टेन्शन नाय पायजे!" शेवटी काळ्या पडद्यावर नुसतं लिहिण्यापुरता साधा डॉसचा एडिटर उरला. आता अक्षरं लगेच उमटू लागली. वडिलांनी इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं : 'मला गावाला ने. इथे करमत नाही.'

ते वाचून हे गृहस्थ झटकन माझ्याकडे वळले. "बघा, स्पीड कसला आलाय!"