आतोबांचं अंगण

माणसाला घर कशासाठी लागतं, या प्रश्नावर आमच्या आतोबांचं उत्तर ठरलेलं होतं: अंगणाच्या मागे काहीतरी असावं म्हणून. आतोबा म्हणजे माझ्या सख्ख्या आत्याचे यजमान. रोह्याला लागून असलेल्या वरसे गावात त्यांनी घर बांधलं, तेव्हा नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं आणि तिथल्या भातशेतांतून एकेक घर उगवत होतं. जो तो मिळेल तेवढी जागा भिंतीत घेत होता. आतोबांनी मात्र दोन खोल्या आणि स्वयंपाकघर पार मागे रेटलं आणि पुढची सगळी जागा मोकळी सोडली. "सायेब, चौथरा चुकला नाय ना?" असं गवंड्याने पुन्हापुन्हा विचारून खात्री करून घेतली होती. वास्तुशांतीला आम्ही सगळे पेणहून एसटीने गेलो, तर आतोबांनी आम्हाला घर दाखवलंच नाही. अंगणात फिरवून सकाळी सावली कुठे पडते आणि संध्याकाळी कुंडलिका नदीवरचा वारा कुठून शिरतो ते दाखवलं. माझ्या आईने भीतभीत "जरा स्वयंपाकघर बघते," म्हटलं, तेव्हा त्यांना मनापासून आश्चर्य वाटलं. "त्यात काय बघायचं वहिनी? ओटा असतो," ते म्हणाले.

या अंगणवेडाला कारण होतं. आतोबांचं सगळं आयुष्य धाटावच्या एका केमिकल कंपनीत पाळ्या करण्यात गेलं. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. ते घरी यायचे तेव्हा आत्या झोपलेली, आत्या उठायची तेव्हा ते झोपलेले, आणि उरलेल्या वेळात ते बसमध्ये. नवराबायकोची भेट व्हायची ती डबा देताना आणि रिकामा डबा घेताना. लग्न झाल्यापासून आम्ही दोघांनी समोरासमोर बसून निवांत एक कप चहा घेतलेला नाही, असं आतोबा सांगायचे, आणि आत्याही ते खोडून काढत नसे. "पत्र्याखाली जन्म गेला, भाचेबुवा," ते मला म्हणायचे. "रिटायर झालो की तुझी आत्या आणि मी आभाळाखाली बसून चहा पिणार. बाकी काय मागणं नाय आपलं." आम्ही हसायचो. माणसं रिटायर झाल्यावर काशीला जायचं म्हणतात, यांना अंगणात जायचं होतं. पण ते हसत नव्हते, आणि रिटायर झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी कामाला लागले.

दसरा झाला की अंगण करायचं, ही आपल्याकडची जुनीच रीत. पावसाने खडबडीत झालेली जमीन उकरायची, माती टाकून पाणी मारायचं, लाकडी चोपण्याने चोपून चोपून सपाट करायची आणि वरून शेणाने सारवायची. इतर घरी हे काम गडीमाणसं करत. आतोबांकडे ते पाहुणे करत. फाटक उघडून आत येणाऱ्याच्या हातात आधी चोपणं यायचं. "आधी चोपा, मग चहा," हा त्यांचा नियम. विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसाने एकदा अर्धा कोपरा चोपून दिला आणि मीटर न बघताच निघून गेला. पुढच्या महिन्यात तो आला तो थेट चोपणं शोधतच, म्हणे कंबर मोकळी झाली. एकदा अंगण तयार झालं की त्यावर चप्पल घालून पाऊल टाकायची कुणाची बिशाद नव्हती. मी स्वतः एका तालेवार व्याह्यांना कोल्हापुरी चपला छातीशी धरून अनवाणी अंगण ओलांडताना पाहिलं आहे.

मग मांडव. सुपारीचे खांब, वर बांबू, त्यावर नारळीचे विणलेले झाप. झापांमध्ये आतोबा मुद्दाम एक फट ठेवायचे, थंडीत संध्याकाळचं ऊन बसलेल्या माणसाच्या पाठीवर यावं म्हणून. आता ऊन काही एका जागी थांबत नाही, त्यामुळे माणूसही थांबू शकत नसे. बोलता बोलता आतोबा उठायचे, "जरा इकडे सरका," म्हणून खुर्चीसकट आपल्याला हलवायचे, आणि संध्याकाळ होईपर्यंत बसायला आलेला माणूस अंगणभर फिरून दमलेला असायचा. आसनंही एकाहून एक. कंपनीतली रसायनाची जुनी निळी पिंपं धुऊन, उन्हात वाळवून, कापून केलेल्या खुर्च्या होत्या. त्यांत बसलं की बूड टेकताना 'बुडुक' असा आवाज यायचा आणि उठताना पुन्हा एकदा. गंभीर विषयावर बोलायला आलेली माणसं त्यामुळे अवघडून जायची. बांबूचा बाक होता, बाजेचा झोपाळा होता, तुळशीपाशी पाय सोडून बसायला एक बैठा कट्टा होता. आतोबा प्रत्येक नवीन आसनावर आधी स्वतः बसायचे, डोळे मिटायचे आणि डॉक्टरने छाती तपासावी तसं ते आसन तपासायचे.

आणि मग घराच्या दाराकडे बघून हाक मारायचे, "अगो, ये, बघ तरी बसून."

आत्या दारात यायची. हातात चहाचा ट्रे असायचा. तो उंबऱ्याबाहेर हात लांब करून माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "बसा तुम्ही. तव्यावर भाकरी हाय." एवढं बोलून आत. सकाळी विचारा, तव्यावर भाकरी. दुपारी चारला विचारा, भाकरी आहेच. चार वाजता कसली भाकरी, असं मी एकदा म्हणालो तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चहात बिस्किट बुडवलं. आतोबांची मात्र पक्की समजूत होती की दोष आसनात आहे. बाक उंच झाला असेल म्हणून त्यांनी बाकाचे पाय कापले. झोपाळ्याने तिला गरगरत असेल म्हणून झोपाळा बांधून ठेवला. डास चावत असतील म्हणून कडुनिंबाचा धूर केला, त्यात शेजारच्या घरातली माणसं रस्त्यावर आली. तालुक्यातला प्रत्येक माणूस त्या अंगणात बसून गेला असेल. ज्या एका बाईसाठी ते मांडलं होतं, ती तेवढी बसत नव्हती.

एका दिवाळीनंतर तर त्यांनी कमाल केली. पेणला आमच्याकडे आले असताना ते सहज जवळच्या जोहे गावात गणपतीच्या मूर्तींच्या एका कारखान्यात डोकावले. तिथे कुठल्याशा मंडळाने नको म्हणून सांगितलेलं एक सिंहासन कोपऱ्यात पडून होतं. आत बांबूचा सांगाडा, वरून शाडूमाती, दोन्ही हातांवर दोन मोर आणि सगळं सोनेरी रंगात न्हालेलं. आतोबा त्याच्या प्रेमात पडले. टेम्पोत घालून, मोरांना माझ्या मांडीवर टेकवून ते वरसेला आणलं आणि मांडवाखाली बरोबर उन्हाच्या फटीखाली ठेवलं. "राणीसारखी बसेल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीची बस समोरून गेली तेव्हा आतल्या माणसांनी खिडकीतून हात जोडले. संध्याकाळी कुणीतरी जास्वंदीचं फूल वाहून गेलं. आठवडा संपता संपता एक नारळ आला, आणि एक भले गृहस्थ आरती किती वाजता असते म्हणून विचारायला आले. आतोबांनी आत्याला हाक मारली, तर ती दारातूनच म्हणाली, "तिथं बसले तर मलाच ओवाळतील ओ!"

त्याच रात्री अवेळी पाऊस झाला. मी रविवारी गेलो तेव्हा मोरांनी माना टाकल्या होत्या आणि सोनेरी ओघळ सारवलेल्या अंगणातून फाटकापर्यंत गेला होता. आतोबा पिंपाच्या खुर्चीत बसले होते. मला बघून उठले नाहीत, चोपणंही दिलं नाही. "तिला काय कमी पडतंय, भाचेबुवा?" त्यांनी विचारलं. "मला बोलून दाखवत नाय. तू विचार. तू तिच्या माहेरचा." त्यांचा चेहरा पाहून मला हसू आलं नाही. इतक्या वर्षांच्या थट्टेनंतर पहिल्यांदाच कळलं की या माणसाला खरोखर एवढीच एक गोष्ट हवी आहे, आणि ती त्याला मिळत नाहीये.

मी आत गेलो. घरात कुणी नव्हतं. चूल थंड, तवा भिंतीला टांगलेला. मागच्या दाराशी मात्र हसण्याखिदळण्याचा आवाज येत होता, म्हणून डोकावलो. तिथे मोरीच्या पलीकडे धुण्याच्या दगडावर आत्या पाय पसरून बसली होती. बाजूला पोत्यावर शेजारच्या दोघी, पायरीवर पाटी उतरवून बसलेली तिची नेहमीची कोळीण, आणि मधोमध परातीत मोड आलेले वाल. चौघी बिरड्याचे वाल सोलत होत्या आणि कोळीण कुणाच्या तरी सुनेची नक्कल करत होती. आत्या इतकं मोठ्याने हसते हे मला तोवर ठाऊक नव्हतं. शेवग्याची सावली होती, वारा होता. एकही वस्तू कुणी मुद्दाम ठेवलेली नव्हती आणि प्रत्येक वस्तू बरोबर हवी तिथे होती.

"आत्या, पुढे का बसत नाहीस गो?" मी सरळच विचारलं.

"पुढं?" तिने वालाचं साल बोटाने उडवलं. "सासूबाईंच्या राज्यात बायका पुढल्या दारी बसायच्या नायत. पुढं पुरुषमाणसं, पुढं रस्ता. ती सवय अंगात बसली रे. आता बसायला गेले तरी पाय मुडपत नाय तिथं." मग हळू आवाजात म्हणाली, "आणि ते रोज हाक मारतात, ये, बस. तू कुठं बसतेस, असं कधी इचारलं का त्यांनी?"

मी पुढे जाऊन हे जसंच्या तसं सांगितलं. आतोबांना पहिल्यांदा अर्थच लागेना. "मागं? मागं काय हाय? मागं मोरी हाय," ते म्हणाले. स्वतःच्या घराची मागची बाजू त्यांनी गवंडी गेल्यापासून पाहिली नव्हती. रात्रपाळीच्या सवयीने दिवसा झोपायचे आणि जागे झाले की पुढे यायचे. मग ते उठले. जाताना चोपणं उचललं, आणि मी घाईने त्यांच्या मागे निघालो.

ते मागच्या दारात उभे राहिले तशा शेजारणी पदर सावरत उठायला लागल्या. "बसा गो तुम्ही," आत्या म्हणाली. आतोबांची नजर दगडावरून, पोत्यावरून, शेवग्यावरून फिरली. त्यांचे हात शिवशिवत होते. "हा दगड जरासा इकडे घेतला ना, तर दुपारचं..."

"काय एक हलवायचं नाय!" आत्याने असा आवाज लावला की कोळणीने पाटीवर हात ठेवला. "बसायचं तर हाय तसं बसा."

आतोबांनी चोपणं भिंतीला टेकवलं. अख्ख्या तालुक्याला बसवणारा तो माणूस पाहुण्यासारखा अवघडून म्हणाला, "बसू का गो?"

आत्याने एक तडकलेलं घमेलं पालथं घालून पायाने पुढे ढकललं आणि मूठभर वाल त्यांच्यासमोर ठेवले. "बसा. आणि सोला."

घमेल्याची कड रुतत असणार. पण त्यांनी डोळे मिटले नाहीत, काही तपासलं नाही. मान खाली घालून वाल सोलत राहिले आणि दर दुसरी डाळ मोडत राहिले. आत्या मोडक्या डाळी वेगळ्या काढत होती. "ह्या तुमच्या ताटात," एवढंच म्हणाली. मग शेजारणीने चहा आणला आणि आत्या दगडावर बसूनच चहा प्यायली, आतोबा घमेल्यावर बसून. माझे डोळे भरून आले, म्हणून मी कोळणीला बोंबलांचा भाव विचारायला लागलो.

आतोबा जाऊन आता बरीच वर्षं झाली, पाठोपाठ आत्याही गेली. वरसेच्या त्या रस्त्याला आता मोकळी जागा म्हणून दिसत नाही. पण मला आठवतो तो त्यानंतरचा एक रविवार. थंडीचे दिवस, अंगण नुकतं सारवलेलं, झापांच्या फटीतून ऊन बरोबर झोपाळ्यावर पडलेलं. एवढ्या सुंदर मांडलेल्या जागेत चिटपाखरू नव्हतं. मी चपला हातात घेऊन मध्यापर्यंत गेलो आणि हाक मारली, "आतोबा, आहात का? या की बाहेर!"

घराच्या पार मागून, हसणं आवरत, आतोबांचा आवाज आला, "तू बस रे! तव्यावर भाकरी हाय!"